छंद निसर्ग-छायाचित्रणाचा

'छंद' या शब्दाला आपल्याकडे थोडासा नादिष्टपणाचा वास आहे. मुलगा तिकिटे जमवतो, कबुतरे पाळतो किंवा सतार छेडत बसतो, म्हणजे त्याचे अभ्यासात लक्ष नाही, असा वडीलधाऱ्यांचा ठाम समज असतो. त्यात कुणी 'मी रानातल्या प्राण्यांचे फोटो काढायला शिकणार आहे' असे इतवारीतल्या एखाद्या घरात जाहीर केले, तर पहिला प्रश्न येतो पैशांचा आणि दुसरा वाघाचा. कॅमेरा केवढ्याला पडतो? आणि वाघ अंगावर आला तर? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी समजूत एकच असते. हा छंद म्हणजे हातभर लांब भिंगाचा महागडा कॅमेरा, उघडी जिप्सी आणि समोर वाघ! ही समजूत फक्त घरच्यांचीच असते असे नाही. छायाचित्रणाच्या कार्यशाळेत नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांचीही तीच असते, आणि चांगल्या कार्यशाळेचे पहिले काम ती मोडण्याचे असते. हे काम कसे होते आणि ते होणे आपल्या विदर्भात का निकडीचे आहे, ते या लेखात सांगायचे आहे.

थोडा इतिहास पाहू. वन्य प्राण्यांचे छायाचित्रण शिकारीच्या पोटी जन्माला आले. अमेरिकेतील जॉर्ज शिरास हा मुळात शिकारी. रात्री होडीत बसून, पाण्यावर आलेल्या हरणांवर प्रकाशाचा झोत टाकून त्याने बंदुकीऐवजी कॅमेरा चालवला. १९०६ च्या जुलै महिन्यात 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने त्याची ७४ चित्रे एकाच अंकात छापली. आपल्या देशात हे काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या संयुक्त प्रांतातील वनाधिकाऱ्याने केले. जनावरांच्या पायवाटेवर बारीक तार ताणून ठेवायची आणि वाघाचा पाय तारेला लागला की त्याचे चित्र त्यानेच काढायचे, अशी ही युक्ती! १९२७ साली त्याचे पुस्तक निघाले. दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात, तेव्हा चित्रावरून वाघ ओळखता येईल, हेही त्याने ताडले होते. आज वाघांची गणती नेमकी याच तत्त्वावर होते. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे बसवले होते. त्यांनी साडेतीन कोटींच्या आसपास चित्रे टिपली आणि पट्ट्यांवरून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. एका माणसाचा छंद नव्वद वर्षांनी सगळ्या देशाच्या मोजणीचे साधन झाला, ही गोष्ट छंदांना नावे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता कार्यशाळेकडे वळू. अशा कार्यशाळा सामान्यतः दोन-तीन दिवसांच्या असतात. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी असे उपक्रम घेत आली आहे. ठिकठिकाणची निसर्गमंडळे घेतात, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील वन्यजीव सप्ताहात शाळा-महाविद्यालयांतून कार्यक्रम होतात आणि काही अनुभवी छायाचित्रकार स्वतःच वर्ग चालवतात. पहिल्या सत्रात कॅमेऱ्याचे तंत्र सांगतात. आपण कला शाखेची मंडळी अपूर्णांक दिसला की दचकतो, म्हणून या तंत्राचा बाऊ फार होतो. वास्तविक त्यात तीनच गोष्टी आहेत. भिंगातले छिद्र किती उघडायचे, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा आणि प्रकाश टिपणाऱ्या पटलाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची.

छिद्राच्या आकड्यांनी नवखा हमखास गोंधळतो. चार हा आकडा लहान, मग छिद्र मोठे कसे? जुन्या रुपयाचे आणे ज्यांनी पाहिले त्यांना हे चटकन समजेल. चार म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा, पावली. आठ म्हणजे आठवा हिस्सा, दोन आणे. सोळा म्हणजे एक आणा. खालचा आकडा वाढेल तसा हिस्सा लहान. इथे रुपयाच्या जागी भिंगाचे केंद्रांतर धरायचे, आणि हिस्सा म्हणजे छिद्राचा व्यास. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की व्यास निम्मा झाला की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाईवर येतो; कारण प्रकाश क्षेत्रफळातून येतो. मोठ्या छिद्राने पाखराच्या मागचा पसारा धूसर होतो आणि पाखरू उठून दिसते. लहान छिद्राने मागचे-पुढचे सगळे स्पष्ट येते.

पडद्याच्या वेगाचे गणित त्याहून सोपे. उडता पक्षी गोठवायचा तर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. हातात धरलेले भिंग ३०० मिलिमीटरचे असेल, तर निदान सेकंदाच्या तीनशेव्या भागाइतका वेग हवा, नाहीतर हाताचा कंप चित्रात उतरतो. सकाळी सहाला एवढा प्रकाश कुठला? मग आयएसओ वाढवा आणि चित्रात थोडी रवाळ खर आली तर येऊ द्या. रवाळ पण स्पष्ट चित्र चालते. गुळगुळीत पण हललेले चित्र कुणालाच नको असते.

माझ्या मते या सगळ्यात मजेचा धडा म्हैस आणि बगळ्याचा. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला जग कळत नाही. समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे तो धरून चालतो. चौकटभर काळी म्हैस असली की त्याला वाटते, फारच अंधार आहे. तो उजेड वाढवतो. म्हैस करडी होते आणि तिच्या पाठीवरचा गायबगळा इतका पांढराफटक पडतो की त्याचे एक पीस ओळखू येत नाही. म्हणून तिथे मापकाचे न ऐकता उजेड मुद्दाम कमी करायचा. उलट चौकटभर पांढरा बगळाच असेल तर तो मळकट येऊ नये म्हणून उजेड वाढवायचा. म्हैस आणि बगळा आपल्याकडे शोधावे लागत नाहीत, तेव्हा हा धडा गिरवायला फुकट!

तंत्र इथे संपते. सरावाला काही महिने लागतात, हे खरे. पण समजायला एक दिवस पुरे होतो. खरी कार्यशाळा त्यानंतर सुरू होते, कारण दुसऱ्या दिवशी शिकवायचे असते ते जनावर.

जाणते मार्गदर्शक नवख्यांना थेट जंगलात नेत नाहीत. ते एकच प्राणी ठरवून देतात आणि त्याच्यापाशी दोन तास बसायला सांगतात. कितीही चित्रे काढा, पण दाखवायची फक्त पाच. हा पाचाचा नियम फार शहाणपणाचा आहे. आपल्या मागच्या पिढीजवळ आग्फा क्लिक थ्री कॅमेरा असे. त्याच्या एका रोलमध्ये बारा चित्रे निघत. बाराच्या बारा धुवून येईपर्यंत जीव टांगणीला! त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार होई. आज एका सेकंदात दहा-वीस चित्रे निघतात आणि विचार मागे राहतो.

दोन तास बसायला इतवारीची एखादी गच्ची पुरते. धान्याच्या आणि किराण्याच्या दुकानांपुढे पारवे उतरतात; गच्च्यांवरून घारी फिरतात. घार हा छायाचित्रकाराचा पहिला गुरू म्हणायला हरकत नाही. ती मोठी आहे, मुबलक आहे आणि माणसाला फारशी बुजत नाही. अर्धा तास नुसते पाहिले की कळू लागते: वळण घेताना ती दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी पिळते. बसलेली घार उडण्यापूर्वी पुढे झुकते. पुष्कळ पक्षी उडण्याआधी शिटतात, हे शास्त्र ऐकायला बरे नसले तरी उपयोगाचे आहे; शीट पडली की बोट बटणावर ठेवावे! पक्षी शक्यतो वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उडतो, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली की तो आपल्या समोरून, उजेड अंगावर घेऊन उठतो. हे कॅमेऱ्याच्या कोणत्याही पुस्तिकेत नसते. ते घारीकडूनच शिकावे लागते.

गच्ची झाली की तलाव. इतवारीहून पायी जाता येईल असा गांधीसागर आहे. पुढे सक्करदरा, फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा. नागपुरासारखे इतके तलाव पोटात असलेले शहर या छंदाला लाभणे हे भाग्यच. पाण्याच्या काठावर ढोकरी बसते. मातकट रंगाची, मान आखडून घेतलेली, चिखलाचाच गोळा वाटावी अशी. ती दहा मिनिटे हलत नाही. अकराव्या मिनिटाला मान बाणासारखी सुटते आणि मासा चोचीत असतो. ज्याने या दहा मिनिटांत चारदा भ्रमणध्वनी पाहिला त्याला फक्त पाण्यावरची वर्तुळे मिळतात. ढोकरीचे चित्र काढण्यासाठी काही अंशी ढोकरीच व्हावे लागते. शिवाय तिच्या डोळ्याच्या पातळीवर यायचे तर काठावर पालथे पडावे लागते आणि कपड्यांची आशा सोडावी लागते. वरून, उभ्याने काढलेल्या चित्रात पक्षी दिसतो; त्याच्या पातळीवरून काढलेल्या चित्रात तो आपल्याकडे पाहतो. चित्रात बाकी काही अस्पष्ट राहिले तरी चालते, डोळा मात्र स्पष्ट हवा, असे सगळेच मार्गदर्शक बजावतात ते याचसाठी.

अशा पाहण्याची आपल्या मराठीत उत्तम परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम करून जे टिपले, ते 'नागझिरा' या पुस्तकात आहे. वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या रानांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची नावे, सवयी, आदिवासींकडून ऐकलेले रानाचे ज्ञान मराठीत आणले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. छायाचित्रणाच्या वर्गाला जाणाऱ्याने कॅमेऱ्याच्या पिशवीत या दोघांपैकी एकाचे पुस्तक ठेवावे, असे मला वाटते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या छंदात जर कुठे आघाडी मिळणार असेल, तर ती इथे.

आता अवघड भाग. किती जवळ जायचे?

एक ओळखीचा पक्षी घेऊ: टिटवी. माळावर, खडीवर, कधी सपाट गच्चीवरसुद्धा ती उघड्यावर अंडी घालते. विदर्भाचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि खडी हाताला लागत नाही. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली देण्यासाठी. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंडी गार करते. आता एक हौशी छायाचित्रकार घरट्यापासून दहा पावलांवर ठाण मांडून बसला. टिटवी वरून घिरट्या घालत ओरडते आहे, 'टिटिव, टिटिव'. त्याला वाटते, काय छान चित्र मिळते आहे! तेवढ्या वेळात अंडी खडीवर उन्हात पडलेली असतात. चित्र सुरेख येते. अंडी कधीच फुटत नाहीत, आणि हे त्या चित्रात दिसत नाही.

घरट्यापुढची पाने बाजूला करणारा तर याहून पुढचा. पान हटले की पिलांवर ऊनही येते आणि कावळ्याची नजरही. एकेकाळी जगभरच पक्ष्यांचे छायाचित्रण मुख्यतः घरट्यापाशी चाले. इंग्लंडचे नामांकित पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा एक डोळा १९३७ साली घुबडाच्या पंजाने गेला, तो घरट्यापाशीच. आता मत बदलले आहे. अनेक स्पर्धा घरट्यावरची चित्रे घेतच नाहीत. आपला कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. हातात बंदूक नसली, कॅमेराच असला, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच! ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणे, रात्री घुबडाच्या डोळ्यांवर झगझगीत दिवा मारणे, आमिष टाकून ससाण्याला खाली उतरवणे ही सारी त्याच कुळीतली भावंडे.

प्राणी अस्वस्थ झाला हे ओळखायचे कसे, हा कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा तास असतो. चरणारे चितळ मान वर करून थांबले, शेपटी उभारली, पुढचा पाय जमिनीवर आपटू लागले, म्हणजे आपण हद्द ओलांडली. पक्षी चोचीत किडा घेऊन फांदीवर नुसताच बसून आहे, घरट्याकडे जात नाही, म्हणजे तो आपल्या जाण्याची वाट पाहतो आहे. अशा वेळी एकच करायचे, आल्या पावली मागे फिरायचे. चित्र मिळाले की नाही, हा प्रश्न तिथे गैरलागू आहे.

वाघाच्या बाबतीत हे न कळल्याने काय होते, त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. इतवारी स्थानकावरून नागभीडकडे २०१९ पर्यंत जी छोटी गाडी धावत होती, तिच्या वाटेवर उमरेड लागते. तिथल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एफ-२ या क्रमांकाने ओळखली जाणारी वाघीण आपली पाच पिले घेऊन रस्त्यावर आली. दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि मायलेकरांची वाट अडली. गाड्यांत बसलेले लोक चित्रे काढत होते. त्यांनीच काढलेली दृश्ये गावभर फिरली, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. गाड्यांचे चालक आणि मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली. पण चालकाला 'अजून थोडे पुढे घ्या' म्हणणारा कोण असतो? मागच्या बाकावरचा कॅमेरावालाच. वाघ दाखवला की बक्षिसी, नाही दाखवला तर तोंड वाकडे, असा हिशेब असला की गाडी पुढेच जाणार. कायदा फाटकापाशी पहारा करू शकतो. गाडीतल्या माणसाच्या मनातली घाई त्याला कशी अडवता येणार? ती कार्यशाळेतच, कॅमेरा प्रथम हाती घेताना कमी झाली तर होते.

म्हणून कार्यशाळा निवडताना जाहिरात नीट वाचावी. 'व्याघ्रदर्शनाची खात्री' असे जिथे छापलेले असेल, तिथे पैसे भरू नयेत. एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, पहिला दिवस कुठे घालवणार, चित्रांची चर्चा होणार की नाही, हे विचारावे. चर्चा नसेल तर ती सहल आहे, कार्यशाळा नाही. सहलही वाईट नसते म्हणा, पण तिला तिच्या नावाने ओळखावे.

चित्रांच्या चर्चेत आणखी एक गोष्ट निघते, ती खरेपणाची. लंडनच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली रात्रीच्या वेळी फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे परीक्षकांची खात्री पटली की तो लांडगा रानातला नसून बहुधा माणसाळवलेला, शिकवलेला असावा. आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेण्यात आले. चित्र तेच होते, तितकेच देखणे होते. प्राणिसंग्रहालयात वाघाचे चित्र काढण्यात काही गैर नाही. सरावाला महाराजबाग उत्तम आहे. मात्र चित्राखाली 'महाराजबाग' असेच लिहावे.

खर्चाचा प्रश्न अजून राहिला. सुरुवातीला हातातला मोबाइल पुरतो. दूरचा पक्षी त्यात टिपता येत नाही, पण फुलपाखरे, कोळी, मुंगळे, भिंतीवरची पाल यांना तो चांगला न्याय देतो. 'ब्लू मॉर्मन' हे २०१५ पासून आपले राज्य फुलपाखरू आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? पुढे हौस टिकली तर जुना, वापरलेला कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंतचे भिंग घ्यावे. चार-पाच मित्रांनी मिळून घेतले तरी चालते. किंबहुना बरेच, कारण मग आठवड्यातले चार दिवस नुसते पाहण्यात जातात.

नागपुरात हा छंद ऋतूंप्रमाणे चालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तलावांवर बाहेरगावची बदके. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराबाहेर पळस पेटतो आणि त्याच्या फुलांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. एका झाडाखाली बसले की सकाळ पुरत नाही. पावसाळ्यात बेडूक आणि किडे. मे महिन्यात गच्चीवर पाण्याचे पसरट भांडे सावलीत ठेवून आपण खोलीच्या खिडकीतून चित्रे काढावीत. पाखरांना पाणी मिळते आणि आपल्याला सावली.

प्रत्येक चित्रामागे तारीख, वेळ, ठिकाण आणि प्राणी काय करत होता याची एक ओळ वहीत लिहून ठेवावी. सामान्य पक्ष्याचे साधे चित्रही अशा नोंदीमुळे अभ्यासकांच्या उपयोगी पडते. अमुक बदक अंबाझरीवर यंदा कधी आले, कधी गेले, हे अशाच वह्यांतून कळते. घरटे, गुहा किंवा दुर्मीळ प्राण्याचे चित्र असेल तर ठिकाण वहीतच राहू द्यावे. गोंदियाच्या भातशेतांत पावसाळ्यात सारसाची जोडी घरटे करते. त्या बांधीचा पत्ता चित्राखाली छापला, तर पुढच्या रविवारी तिथे किती मोटारी उभ्या राहतील, याचा अंदाज उमरेडवरून करता येतो.